सांबप्पाची आठ महिन्यांची माडी

मानवतच्या बाजारपेठेत सांबप्पाचं गुळाचं दुकान होतं. पण गूळ हा त्याचा जोडधंदा. खरा धंदा ओट्यावर बसून बोलण्याचा. दुपार कलली की ओट्यावर पाणी मारायचं, ते सुकलं की घोंगडी टाकायची, कपाळावरची विभूती पुन्हा एकदा नीट करायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारायची, हा त्याचा तीस वर्षांचा नेम होता.

"काय पाटील, एवढ्या घाईनं कुठं चाललाव? बसा की जरा!"

पाटील बसले की पाटलांच्या मागून येणारा सुतार बसे. सुताराला बघून कासार थांबे. दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बोट ठेवायला जागा उरत नसे. एकदा एक जण बायकोसाठी सुईण बोलवायला निघाला होता. सांबप्पानं त्यालाही बसवला. सुईण दुसऱ्या कुणीतरी नेली, मुलगी झाली, तिचं नावही ओट्यावरच ठरलं, आणि मग तो माणूस धोतर झटकत उठला. अशी त्या ओट्याची ओढ.

समोरच किशनराव अर्जनवीस राहत. पाथरीच्या कचेरीत लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्याही घराला ओटा होता, चांगला फरशीचा. पण त्यावर उन्हाळ्यात पापड वाळत आणि बाकीच्या दिवसांत मांजर झोपे. संध्याकाळी खुद्द किशनराव रस्ता ओलांडून सांबप्पाच्या ओट्यावर येऊन बसत. सांबप्पाच्या आयुष्यातलं मोठं सुख कुठलं म्हणाल, तर हे.

माणसाला सुख दिसत नाही. त्याला माडी दिसते.

झालं असं, की एका साली गुळाला बरा भाव आला आणि सांबप्पानं दुकान-घरावर माडी चढवायचं ठरवलं. मानवतात तोवर बाजारपेठेत दोनच माड्या होत्या, आणि एकीत कबुतरं राहत होती. माडीसाठी सरकारात अर्ज हवा म्हणून किशनरावांनी तो लिहून दिला. अर्ज दोन हात लांब होता. त्यात बहुतेक सगळे सलाम आणि हुजुरांच्या पदव्याच होत्या. माडीचा उल्लेख तळाशी एका ओळीत होता. सांबप्पानं विचारलं, "माडी एवढी बारीक कामून लिहिली?" किशनराव म्हणाले, "अप्पा, सायेब सलामावर सही करतेत, माडीवर न्हाई."

सही झाली. गवंडी ठरला तो भुजंग. वर एक मोठी खोली, तिच्यात धान्याच्या कणग्या, आणि आला-गेला झोपायला एक लहान खोली, असा बेत होता. सांबप्पाची बायको चन्नबसम्मा आणि त्याची थोरली विधवा बहीण बसम्मा, दोघींनाही तो मान्य होता. घरात खाणारी तोंडं तीन, त्यामुळे मतंही तीनच. ती एक झाली म्हणजे तो बेत किती शहाणपणाचा असेल, ते बघा.

पण पाया पुजला आणि त्याच आठवड्यात सांबप्पा गुळाच्या कामासाठी हैदराबादला गेला. मानवत रोडहून आगगाडीत बसला तेव्हा तो चांगला होता.

हैदराबादच्या अडत्याचं घर दुमजली. सांबप्पा दारात गेला तर खाली कुणीच नाही. खाली फक्त चपला आणि एक सायकल. वरच्या सज्जातून अडत्या ओरडला, "आइए अप्पा, ऊपर आइए!" सांबप्पा जिना चढून वर गेला आणि त्याचे डोळे उघडले. बैठक वर. स्वयंपाकघर वर. देवघर वर. माणसं सगळी वर. जो येईल तो धापा टाकत वर येत होता, आणि अडत्या लोडाला टेकून त्याच्याकडे शांतपणे बघत होता. सांबप्पाच्या लगेच लक्षात आलं, की भेटायला येणारा जिना चढून आला की अर्धा सौदा तिथंच आपल्या बाजूनं झालेला असतो. त्याच्यात बोलायला दम कुठं उरलेला असतो?

"मोठी माणसं वर राहत्यात," परत येताना तो गाडीत एका अनोळखी माणसाला म्हणाला. तो माणूस पिंगळीला उतरला, नाहीतर त्याला मानवतपर्यंत हेच ऐकावं लागलं असतं.

घरी आल्या आल्या त्यानं भुजंगाला बोलावलं. "बेत बदलला. सगळं वर घ्यायचं. बैठक वर, देवघर वर, चूल वर."

भुजंग विडी ओढत होता. त्यानं एकदा आडाकडे बघितलं, एकदा आभाळाकडे बघितलं. "अप्पा, आड बी वर घ्यायचाय का?"

"आड कसा वर येईल?"

"तेच म्हन्तो. पानी खाली आन् तहान वर. एकोनीस पायऱ्या व्हत्यात. रोज किती घागरी लागत्यात ते घरात इचारलाव का?"

घरात विचारायची पद्धत सांबप्पाकडे नव्हती. पण घरातली माणसं न विचारता सांगायची पद्धत पाळून होती. जेवताना बसम्मानं सुरुवात केली.

"सांबू, मी काय कबूतर हाय का, माडीवर राहायला?"

"आक्का, हैदराबादेत सगळे मोठे लोक..."

"हैदराबादेत आपली म्हैस हाय का? जातं हाय का? माझे गुडघे हायेत का?"

चन्नबसम्मा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काय म्हन्ते मी, तुमची बैठक न्या की वर. चूल खाली राहू द्या. ताट वर आनून देईन."

हा तोडगा इतका सरळ होता की सांबप्पाला तो अपमान वाटला. माणसाला वादात हरताना जे सुचतं, तेच त्यालाही सुचलं. त्यानं देवाला मध्ये घेतलं.

"देवघर खाली ठेवलं, तर वर चालताना पाय कुठं पडतो? देवाच्या डोक्यावर! महादेवाच्या पिंडीवरून, खंडोबाच्या टाकावरून मी खडखड चालू? देवाच्या डोक्यावरून फिरायचं पाप मला नको. देवघर वरच पायजे. देवघर वर म्हनल्यावर निवद वर, निवद वर म्हनल्यावर चूल वर. आता बोला."

देव मध्ये आल्यावर गुडघ्यांचं काय चालणार? बसम्मानं शिव शिव म्हटलं. चन्नबसम्मानं भाकरी उलटली. तिच्या गप्प बसण्याला सांबप्पा होकार समजत असे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी त्याला हे कळलं नव्हतं, की ती गप्प बसली म्हणजे विचार करायला बसली.

दिवाळी झाली आणि माडी तयार झाली. भिंती विटांच्या झाल्या, पण हैदराबादसारखं दगडी छत परवडेना म्हणून वर पत्रे घातले. सामान हलवायच्या आदल्या संध्याकाळी सांबप्पा ओट्यावर उभा राहिला. किशनराव होते, सुतार होता, कासार होता, त्याच्याच लिंगायत समाजाचा मन्मथअप्पा तेली होता.

"मंडळी, ओट्यावर आज शेवटची घोंगडी. उद्यापासून आपली बैठक माडीवर. दुकान हा लिंबाजी बघंल, मी वरून भाव सांगन. सगळ्यांनी वर यायचं. आन् पुन्हा ह्या ओट्यावर बसलेलो दिसलो, तर ही मिशी उतरवून देईन!"

लिंबाजी त्याचा जुना गुमास्ता. त्यानं मान हलवली. किशनरावांनी मिशीकडे नीट बघून घेतलं, एखाद्या दस्तऐवजावरचा शिक्का बघावा तसं.

पहिले आठ दिवस मंडळी वर आली. सगळ्यांनी जिन्याची तारीफ केली. पण ओट्याची एक खुबी असते. ओट्यावर माणूस येत नाही, तो जाता जाता टेकतो. पाच पावलं बाजूला झालं की झालं. माडीवर मात्र यावं लागतं. चपला काढाव्या लागतात, पाय धुवावे लागतात, उपरणं सावरावं लागतं, आणि एवढं करून वर गेल्यावर नुसतं "काही नाही, सहज आलो" म्हणायची लाज वाटते. रानातून आलेला कुणबी चिखलाचे पाय घेऊन जिन्याखाली उभा राही आणि वर तोंड करून ओरडे, "अप्पा, खाली या की!"

"तू वर ये की!"

"पाय भरलेत!"

"धू की!"

"जाऊ द्या मग, उद्या येतो!"

तो उद्या कधीच उगवला नाही. सुतार म्हणाला कामाची घाई आहे. कासाराला धाप लागायची. मन्मथअप्पा तेली अंगानं इतका भरलेला होता की जिन्यात तो वर निघाला म्हणजे दुसऱ्याला उतरता येत नसे. पौषापर्यंत बैठकीत सांबप्पा आणि लोड एवढेच उरले.

आता एक गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. माडीवरच्या मोरीचं पाणी जाण्यासाठी भुजंगानं खापराची नळी काढली होती. ती मागच्या बाजूला काढायची, तर सांबप्पाला वाटलं, पुढून पाणी पडलं म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळेल की वर चूल आहे. त्यामुळे खरकटं पाणी दिवसभर बरोबर त्या जुन्या ओट्यावर पडत राही. मंडळींना बसावं वाटलं तरी तिथं आता शेवाळ होतं.

मग मंडळी बसली कुठं? किशनरावांच्या ओट्यावर. मांजराला उठवलं, घोंगडी टाकली, झालं.

सांबप्पाच्या माडीची खिडकी बरोबर त्यांच्या समोर. तो रोज संध्याकाळी खिडकीत बसे. वरून माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त डोकं दिसतं. त्यामुळे त्याला गावातले रुमाल आणि टोप्या ओळखू येऊ लागल्या. लाल रुमाल हा सुतार. काळी टोपी ती किशनरावांची. टक्कल ते मन्मथअप्पाचं. लाल रुमाल हळूहळू पुढं झुके, काळी टोपी एकदा हाले, आणि मग सगळी डोकी एकदम मागं जात. हसू वर ऐकू येई. गोष्ट ऐकू येत नसे. तीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक गोष्ट आधी ऐकली, बहुतेक गोष्टी स्वतःच तयार केल्या, त्याला आता नुसतं हसणं मिळत होतं, ताक ओतून घेतल्यावर उरलेल्या भांड्यासारखं.

एकदा त्याला राहवेना. तो खिडकीतून अर्धा बाहेर झाला. "काय झालं व्हो किशनराव? कशाला हसायलाव?"

खाली सगळे गप्प झाले. काळी टोपी वर झाली. "काय न्हाई अप्पा, असंच!"

खिडकी लागली, आणि खाली पहिल्यापेक्षा दुप्पट हसू झालं.

त्या रात्री तो जेवला नाही, म्हणजे दोनच भाकरी खाल्ल्या.

इकडे घरात काही वेगळंच चाललं होतं. चन्नबसम्मानं नवऱ्याचा शब्द मोडला नाही. चूल वर गेली. पण जातं वर जाईना, भुजंग म्हणाला माडीची लाकडी तक्तपोशी हादरेल. म्हणून दळण खाली. दळण खाली म्हणून पिठाचा डबा खाली. म्हैस खाली म्हणून दूध खाली, आणि दूध तापवायला एक लहानशी चूल खाली, "नुसती दुधापुरती". मग आंघोळीच्या पाण्याला दुसरी. मग आक्काला जिना चढवत नाही म्हणून तिची भाकरी खाली. आणि एकदा तवा ठेवलाच आहे तर सगळ्याच भाकरी खाली भाजलेल्या काय वाईट? माघ संपेपर्यंत वरच्या चुलीत फक्त देवाच्या नैवेद्यापुरता जाळ होई, आणि दोघी बायका आडाजवळ पाय पसरून खालच्या थंड जमिनीवर बसत. शेजारणी येत, निवडण-टिपण होई, आणि त्यांच्याकडेही हसू होतं. घरात माडीवर राहणारं माणूस शेवटी एकच राहिलं. त्याचं ताट वर येई.

"चूल वर हाय ना?" तो ताटावर बसताना विचारी.

"हाय की," चन्नबसम्मा म्हणे. ते खरंच होतं.

मग चैत्र लागला. परभणीकडचं ऊन ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पत्र्याखाली बघितलंय तो सांगायला उरत नाही. दुपारी माडीवर भिंतीला हात लावला की हात मागं येई. सांबप्पा अंगावर ओला पंचा घेऊन लोडाशेजारी पडून राही. लोडाला टेकायची सोय नव्हती, तो तव्यासारखा तापलेला. खालून लिंबाजी ओरडे, "अप्पा, गुळाचा भाव काय सांगू?" आणि वरून क्षीण आवाज येई, "काय बी सांग."

वैशाखही तसाच गेला, आणि ज्येष्ठ लागता लागता हैदराबादच्या अडत्याचा मुनीम खरेदीला मानवतात आला. सांबप्पाच्या जिवात जीव आला. निदान एक तरी माणूस असा, ज्याला वर राहण्यातली इज्जत कळते! त्यानं मुनिमाला वर नेलं, ताटाला बसवलं. चन्नबसम्मा वाढत होती.

"काय मुनीमजी, शेटजींचं घर आता कसं हाय? आमी बी त्यांच्यासारखंच सगळं वर केलंय, बघा."

मुनीम घामानं निथळत होता. "वर? शेटजी कुठं वर राहतात? ते खालीच राहतात."

"आवो, मी सोता बघितलं की!"

"अच्छा, तेव्हा!" मुनिमाला आठवलं. "तेव्हा खालच्या मजल्यात ढेकूण झाले होते. गंधकाची धुरी देऊन चार महिने बंद ठेवला होता. शेटजी तर रोज रडायचे, कधी एकदा खाली जातो म्हणून."

सांबप्पाच्या हातातला घास हातातच राहिला. चन्नबसम्मानं मुनिमाला आणखी आमटी वाढली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यातच तिची मोठी माया होती.

मुनीम गेला. सांबप्पा खिडकीशी बसला. समोर ओट्यावर लाल रुमाल होता, काळी टोपी होती, टक्कल होतं. त्याला पहिल्यांदाच स्पष्ट कळलं, की आपल्याला खाली जायचंय. माडीचं काही नाही, इज्जतीचंही काही नाही, फक्त त्या घोंगडीवर बसायचंय आणि ती गोष्ट पहिल्यापासून ऐकायचीय. पण जायचं कसं? ढेकणांची गोष्ट गावाला कळली तर सात पिढ्या पुरेल. मिशी गावासमोर गहाण पडलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे देव. देवाच्या डोक्यावर पाय नको म्हणून आपणच सगळ्यांना वर ओढलं होतं. आता देवाला खाली कुठल्या तोंडानं न्यायचं? माणसाची अडचण देव सोडवतो म्हणतात, पण इथं माणसानं देवालाच आपल्यासोबत अडकवून ठेवलं होतं.

"उकडायलंय का?" चन्नबसम्मानं विचारलं.

"छे! झुळूक येते की चांगली," सांबप्पा म्हणाला आणि कपाळ पुसलं.

ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मठात नागय्या स्वामींकडे गुळाची एक ढेप पोचवली. स्वतः डोक्यावर घेऊन गेली आणि बराच वेळ तिथं बसली. घरी येऊन म्हणाली, "अय्या येत्या सोमवारी जेवायला यायलेत."

नागय्या स्वामी हे त्या घराचे जंगम, म्हणजे गुरू. वय सत्तरीचं, पोट मोठं, गुडघे बसम्माच्याच वयाचे. ज्येष्ठातल्या त्या सोमवारी ते दुपारी आले, आणि जिना बघून तिथंच खांबाला टेकून बसले.

"अय्या, वर चला. पाद्यपूजेची तयारी वर केली हाय," सांबप्पा हात जोडून म्हणाला.

"इथं काय वाईट हाय? गार हाय. इथंच बसू."

"पर देव वर हायेत..."

"देव वर कामून हायेत?"

हा प्रश्न सांबप्पाच्या आवडीचा. आठ महिन्यांत त्यानं तो अनेकांना, विचारला नसतानाही, सोडवून दाखवला होता. तो ताठ झाला. "अय्या, देव खाली ठेवला तर वर चालताना देवाच्या डोक्यावर पाय पडतो. ते पाप नको म्हनून मी..."

"शाबास!" स्वामी म्हणाले. "लय सूक्ष्म इचार केलास."

सांबप्पानं बायकोकडे आणि बहिणीकडे विजयानं बघितलं. बायको हात जोडून पुढं झाली. तिनं पदराखालची, गळ्यातल्या इष्टलिंगाची दोऱ्यात बांधलेली चांदीची डबी हळूच मुठीत धरली.

"अय्या, मला अडानीला एक सांगा. देव काय देव्हाऱ्यातच असतो का..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वामींचं उत्तर सुरू झालं, जणू ते आठवडाभर तयार होतं. "न्हाई बाई! आपला देव आपल्या गळ्यात. लिंग गळ्यात हाय तो माणूस म्हंजे चालतं देऊळच."

स्वामींनी चन्नबसम्माच्या गळ्याकडे बघितलं. बसम्माच्या गळ्याकडे बघितलं. मग अगदी सावकाश मान वर करून वरच्या तक्तपोशीकडे बघितलं. सांबप्पाही वर बघू लागला. त्याच्या माडीचा लाकडी तळ इतक्या खालून त्यानं प्रथमच बघितला.

"सांबप्पा, ह्या दोघी दिवसभर कुठं असत्यात?"

"इथं... खाली."

"आन् तू?"

सांबप्पानं बोटानं वर दाखवलं.

बसम्मानं ही संधी सोडली नाही. "बरोबर माझ्या डोक्यावर येरझाऱ्या घालतो, अय्या. धप धप! मला आपली झोपच लागत न्हाई. माझं राहू दे, म्हनलं, पर गळ्यातल्या लिंगाचं तरी बघ!"

सांबप्पानं धडपड केली. "मग ह्यांनी बी वर यावं! सगळे वर आलो तर कुनाच्या डोक्यावर कोन न्हाई."

"आन् दुकान?" चन्नबसम्मा हळूच म्हणाली. "दुकानात गिऱ्हाईक येतं की. मन्मथअप्पा तेली रोज पावशेर गूळ न्यायला येतो. त्याच्या गळ्यात काय खारीक हाय का?"

"शिव शिव शिव!" स्वामींनी कानांना हात लावले. "आठ महिने! आरं, देवाच्या डोक्यावर पाय नको म्हनता म्हनता निम्म्या गावाच्या देवावर चाललास की रं!"

सांबप्पा मटकन खाली बसला. खालची जमीन गार होती. हे त्याला पापाच्या ओझ्याखालीही जाणवलं, आणि कुणी नीट बघितलं असतं तर पापाच्या ओझ्याखाली त्याचे खांदे जरा हलके झालेलेही दिसले असते.

"प्रायश्चित्त सांगा, अय्या."

"चूल खाली. देव खाली. तू खाली. आन् महिनाभर रोज सांजच्याला त्या ओट्यावर बसायचं, आन् रस्त्यानं जो जाईल त्याला बोलावून, बसवून, मूठभर शेंगदाने आन् गुळाचा खडा द्यायचा. कुनी न बसता गेला तर तो दिवस धरायचा न्हाई."

"ओट्यावर?" सांबप्पाचा हात मिशीवर गेला. "अय्या, मी शब्द दिलाय..."

"मिशी तुजी, आज्ञा माजी. कोन मोठं?"

सांबप्पानं साष्टांग नमस्कार घातला. उठायला त्याला थोडा वेळ लागला. तोंड जमिनीकडे होतं तोवर त्यानं हसून घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी भुजंगानं मोरीची नळी बंद केली आणि ओट्यावरचं शेवाळ खरवडलं. सगळं सामान खाली आलं. फार नव्हतंच, बरंचसं आधीच आलेलं होतं. सांबप्पाला खाली दोन चुली पेटत्या दिसल्या. त्यानं दोन्हीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता त्याला सगळं कळलं. तो काही बोलला नाही. हे मात्र तो तिच्याकडून शिकला असावा.

वर धान्याच्या कणग्या गेल्या, पहिल्या बेतात होत्या तशाच. आख्ख्या पेठेत सगळ्यात इज्जतीनं राहणारी वस्तू म्हणजे सांबप्पाची ज्वारी. फक्त एक नवा नियम आला. ज्वारी काढायला कुणी वर निघालं की जिन्यात थांबून ओरडायचं, "वर जायलोय हो!" आणि मग खालची सगळी माणसं, दुकानातल्या गिऱ्हाइकासकट, हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राहायची. शिधा खाली आला की पुन्हा आपापल्या जागी. गिऱ्हाइकांना हे विचित्र वाटे, पण सांबप्पा त्यांना शास्त्र समजावून सांगे, आणि ते पुरं व्हायच्या आत गिऱ्हाईक गूळ घेऊन पळे.

त्या पहिल्या संध्याकाळी त्यानं ओट्यावर पाणी मारलं, घोंगडी टाकली, शेंगदाण्यांची परडी मांडली आणि विभूती नीट केली. समोरच्या ओट्यावरून सगळं बघणं चाललं होतं. आता त्याला तोंडं दिसत होती. सुताराचा आठ महिन्यांत एक दात कमी झाला होता. वरून ते कळलंच नव्हतं.

किशनराव उठले. रस्ता ओलांडून आले. "अप्पा, मिशीचं काय?"

"गुरूची आज्ञा हाय. बसा, गूळ घ्या. न्हाई बसलाव तर माझा दिवस वाया जातो."

किशनराव बसले. मग लाल रुमाल आला, मग कासार आला, मन्मथअप्पा दोन माणसांची जागा घेऊन बसला. समोरच्या फरशीवर मांजर परत आलं. सांबप्पानं सगळ्यांना शास्त्र सांगितलं. लिंग गळ्यात असताना दुमजली घर म्हणजे केवढी जोखीम, हे आपल्याला हैदराबादेतही कुणी सांगू शकलं नसतं, असं त्यानं सांगितलं. मन्मथअप्पानं गंभीरपणे गळ्याला हात लावला. बाकीचे शेंगदाणे खात राहिले.

शास्त्र संपलं. सांबप्पानं परडी पुढं सरकवली आणि आठ महिने पोटात धरलेलं विचारलं.

"किशनराव, खरं सांगा. एवढे दिवस तिथं बसून कशाला हसायलाव व्हो सगळे?"

काळी टोपी इकडं तिकडं झाली. सुतारानं तोंड फिरवलं. शेवटी किशनराव म्हणाले, "तुमालाच, अप्पा."

"आठी महिने?"

"आठी महिने. मदी दोन दिवस पाऊस पडला तेवढं सोडून."

सांबप्पाच्या तोंडाचा रंग बघून सुतार हळूच चपला शोधू लागला. पण सांबप्पानं त्याच्या धोतराचा सोगा धरला आणि त्याला खाली बसवलं. घोंगडीवर मांडी नीट घातली, गुळाचा मोठा खडा तोंडात टाकला आणि डोळे बारीक केले.

"बसा रं, कुठं चाललाव? सांगा, पहिल्यापासून सांगा. एक बी गाळू नका."

किशनरावांनी घसा साफ केला. पहिली गोष्ट खिडकीतल्या टाळक्याची होती. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, हे आत स्वयंपाक करणाऱ्या चन्नबसम्माला न बघताच कळलं. तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं आणि भाकरीला पीठ जरा जास्तच घेतलं. आज तो दोनवर थांबणार नव्हता.